तोमासाचा विपील आणि मंगलाताईंचं कपाट

परत आल्यावर भिशीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "नायगारा पाहिला?" नाही पाहिला. "मग व्हाइट हाउस?" तेही नाही. "मग सहा महिने तिथं केलं तरी काय?" मी सांगितलं, शिकागोत पार्किंग मीटरला बांधलेला हातमाग पाहिला, विस्कॉन्सिनच्या एका शेतकऱ्याकडे कणसं मागितली आणि नेपरव्हिलला एका गरोदर मुलीच्या अंगावरचं कापड परत मागायला गेले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडून विमलच्या डोक्यातल्या तारा शेवटी गुंतल्याच, असं त्यांना वाटलं असणार. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

ईडन प्रेरी

माझी मुलगी सुजाता आणि जावई मिलिंद मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात राहतात. गाव कसलं, नुसती घरं आणि गवत. सकाळी दोघं ऑफिसला गेले की मी, डिशवॉशर आणि मागच्या तळ्यावरची बदकं एवढेच उरायचो. नागपूरला दारात भाजीवाला ओरडला नाही तर दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. इथं दिवसभरात कुणी ओरडतच नाही. २००६ चा सप्टेंबर होता, झाडं लाल व्हायला लागली होती आणि मी त्या शांततेला पुरती कंटाळले होते.

सुजाता शनिवारी एका चर्चच्या तळघरात जायची. तिथं लिंडा नावाची निवृत्त नर्स आणि तिच्या मैत्रिणी ग्वाटेमालातल्या माया बायकांनी विणलेलं कापड विकायच्या. तिकडे डोंगरातल्या गावी विणकर बायकांचा एक गट आहे. भाव त्या बायका ठरवतात, अर्धे पैसे विणायला बसण्याआधी मिळतात आणि प्रत्येक कापडाला विणणारीच्या नावाची चिठ्ठी शिवलेली असते. मध्ये दलाल नाही. याला तिकडे फेअर ट्रेड म्हणतात. आम्ही बौद्ध माणसं, बाबासाहेबांचं बोट धरून शिकलेलो. कष्ट करणाऱ्याला त्याच्या नावानिशी मोबदला मिळावा, हे मला कुणी दोनदा समजावून सांगावं लागलं नाही.

त्या गटाची पुढारीण तोमासा मिनेसोटात आली आणि लिंडाच्या घरी उतरली. मी भेटायला गेले. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, वेणीत गुंफलेली रंगीत फीत, गुंडाळून नेसलेलं निळं लुगडं आणि वर चौकोनी, सैल, लाल पोलकं. त्या पोलक्याला विपील म्हणतात. त्यावर पक्षी, मक्याची रोपं, डोंगर, सगळं विणतानाच उठवलेलं. मला राहवलं नाही. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत मी तिच्या बाहीची कड उलटून आतली बाजू बघितली. कापड कसं आहे ते उलट्या बाजूला कळतं, असं माझे आजोबा म्हणायचे. सुजाता पुटपुटली, "आई, असं काय करतेस!" तोवर तोमासानं माझ्या साडीचा पदर धरून उलटला होता आणि ती मान डोलावत होती. आमची ओळख झाली ती अशी.

माझे आजोबा उमरेडजवळच्या खेड्यात जाडंभरडं सुती कापड विणायचे. त्यांचा माग खड्ड्यातला, पाय खाली सोडून ते त्यात बसायचे. तोमासाचा माग म्हणजे चार काठ्या आणि दोरी. एक टोक खांबाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा पट्टा स्वतःच्या कमरेमागून घ्यायचा आणि गुडघ्यांवर बसायचं. ती मागे रेलली की धागे ताठ, पुढे झुकली की सैल. मागाची एक बाजू ती स्वतःच होती.

चहाच्या वेळी खरी गोष्ट कळली. चर्चमधल्या विक्रीवर गटाचं भागेना. काम नसलं की तरुण मुली राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात जातात आणि गेल्या की परत येत नाहीत. तोमासाची मुलगी एलेना नाताळनंतर जाणार होती. सुजातानं आपल्या टी-शर्टची कॉलर उलटून बघितली, तर आत ग्वाटेमालाच लिहिलेलं. शिकागोत डॅनियल नावाच्या एका दुकानदारानं नमुना बघायला बोलावलं होतं. त्यानं दरमहा माल घ्यायचं कबूल केलं तर एलेना घरी राहणार होती. तोमासानं त्यासाठी एकच विपील आणला होता, गटातला सर्वांत सुंदर. तो तिनं स्वतः विणला होता.

लिंडाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला गाडी चालवायची बंदी. सुजातानं ऑफिसमधून सुटी टाकली. "आई, तू पण चल ना. कारमध्ये सीट आहे, आणि शिकागोजवळ शॉमबर्गला मंगलाकाकूंकडेच स्टे करतोय."

"माझं तिथं काय काम बापा?" मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

विस्कॉन्सिनचे रस्ते

चार बायका, एक गाडी आणि भाषांचा चिवडा. मी सुजाताशी मराठीत बोलायचे, सुजाता लिंडाशी इंग्रजीत, लिंडा तोमासाशी स्पॅनिशमध्ये, आणि कंटाळा आला की तोमासा स्वतःशी तिच्या माया बोलीत गुणगुणायची. जुन्या दिवसांत दोन एक्सचेंजमधून ट्रंक कॉल लावताना असंच व्हायचं. उत्तर येईपर्यंत प्रश्न विसरायला व्हायचं.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तिथं चीजचे ताजे गोळे घेतले. चावले की दाताखाली चुंईचुंई वाजतात. तोमासानं एक तोंडात टाकला, आवाज ऐकून डोळे मोठे केले आणि उरलेले गुपचूप माझ्या हातावर ठेवले. माझी साडी आणि तिचं लुगडं बघून गल्ल्यावरच्या बाईनं विचारलं, तुम्ही दोघी बहिणी का? मी लगेच "येस" म्हणून टाकलं. लिंडानं भाषांतर केल्यावर तोमासानंही जोरात मान हलवली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मका. मैलोन्‌मैल मका. तोमासा काचेला नाक लावून बघत होती. शेवटी ती काही बोलली आणि लिंडा हसत म्हणाली, "ती म्हणते, एवढी माणसं कुठं आहेत हा मका खायला?" हा जनावरांसाठी आहे आणि थोडा गाड्यांच्या इंधनासाठी, असं सुजातानं सांगितलं. तोमासाचा विश्वास बसेना. तिनं गाडी थांबवायला लावली.

ती शेतात शिरली आणि कणसावरचं पान सोलून दाण्यांत नख रुतवून बघायला लागली. लिंडा घाबरली. कुणाच्या शेतात असं शिरायचं नसतं इकडे. तेवढ्यात लाल पिकअप आलीच. टोपी घातलेला, उन्हानं रापलेला शेतकरी उतरला. मला वाटलं, आता आपली वरात निघते. लिंडानं त्याला सांगितलं, या बाईच्या देशात याच मक्याच्या भाकरी करतात, गोड कणसाच्या होत नाहीत आणि दुकानात असा मका मिळत नाही. शेतकऱ्यानं टोपी मागे सरकवली आणि विचारलं, "या मक्याचं माणसं काय करतात?" मग त्यानं स्वतःच्या हातानं कणसं मोडून आमच्या डिकीत भरली. म्हणाला, जन्मभर मका पिकवला, पण माझ्या शेतातला मका खाणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं.

शॉमबर्ग

मंगलाताई कऱ्हाडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत येऊन जमाना झाला, पण घरात शिरलं की फोडणीच्या वासानं कळतं की कऱ्हाड अजून कपाटात घडी घालून ठेवलंय. त्यांचे यजमान वसंतराव आणि माझे जावई एका कंपनीत होते, त्यावरून ओळख. मनानं इतक्या मोठ्या की चार बायका दोन रात्रींसाठी येताहेत म्हटल्यावर त्यांनी स्वतःची खोली रिकामी केली.

मी त्यांना नागपूरहून आणलेला ब्लाउजपीस दिला. मोरपिशी रंगाचा, सीताबर्डीतून घेतलेला. आमच्या घरी ओटीबिटी चालत नाही, पण ब्लाउजपीस मात्र विहारातल्या कार्यक्रमापासून बारशापर्यंत सगळीकडे चालतो. महाराष्ट्रात जातपात, धर्म, गाव काही असो, ब्लाउजपीस शिवायचा नसतो, फिरवायचा असतो, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

कणसं बघून वसंतराव खूश झाले. तोमासानं दाणे सोलले आणि लिंडामार्फत चुना मागितला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, तरच त्याची साल सुटते आणि पीठ एकजीव होतं. आता शॉमबर्गमध्ये खायचा चुना कुठून आणायचा? वसंतरावांनी आपला पानाचा डबा पुढे केला. त्यांना जेवणानंतर विडा लागतो आणि त्याचा चुना शिकागोतल्या देशी बाजारातून, डेव्हन ॲव्हेन्यूहून येतो. तोमासानं बोटावर घेऊन चाटून बघितला आणि वसंतरावांकडे अशा आदरानं बघितलं की मंगलाताई म्हणाल्या, "अहो, या घरात तुमच्या पानाचं कौतुक पहिल्यांदाच होतंय हं."

जेवण झाल्यावर मंगलाताईंनी तोमासाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ आणि कागदात गुंडाळलेला ब्लाउजपीस हातात दिला. तोमासाचे डोळे भरून आले. ती उठली, आपल्या गाठोड्यातून तो विपील काढला आणि दोन्ही हातांवर ठेवून मंगलाताईंपुढे धरला. इतक्या मानानं वागवणाऱ्या बाईला आपलं उत्तम काम दाखवावं, हातात घेऊन बघू द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण लिंडा गुडघा शेकायला वर गेली होती, भाषांतर करायला कुणी नव्हतं. मंगलाताईंनी विपील कपाळाला लावला, "कशाला हो एवढं!" म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिला. तोमासा समाधानानं हसली. या घरात कापडाला किती जपतात, असं तिला वाटलं. मला वाटलं, उद्या परत देतील. सुजाता भांडी लावत होती.

डेव्हन ॲव्हेन्यू

दुसऱ्या दिवशी मंगलाताईंना जवळच नेपरव्हिलला ओळखीच्या केतकीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं, म्हणून आम्ही चौघी शिकागो बघायला निघालो. उंच इमारती गाडीतूनच बघितल्या. मान दुखते. डेव्हन ॲव्हेन्यूला उतरल्यावर मात्र माझ्या पायांना आपोआप गती आली. साड्यांची दुकानं, मिठाई, मेथीच्या जुड्या, रस्त्यात मध्येच थांबलेली गाडी आणि मागून हॉर्न. दिवस उगवल्यासारखा वाटला.

साडीच्या दुकानात तोमासानं प्रत्येक साडी उलटून बघितली. एका झगमगीत पैठणीची मागची बाजू बघून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. मीही मुडपले. यंत्रावरची होती. दुकानदाराला आमचं हे संगनमत आवडलं नाही.

सुजाता किराण्याच्या रांगेत अडकली. तोमासाला नुसतं उभं राहणं जमत नाही. तिनं पिशवीतून माग काढला, आजूबाजूला खांब शोधला आणि फुटपाथवरच्या पार्किंग मीटरला दोरी बांधली. पट्टा कमरेला लावून गुडघ्यांवर बसली आणि विणायला लागली. डेव्हनवर कुणाला कशाचं नवल वाटत नाही, पण याचं वाटलं. माणसं थांबली. एका सरदारजींनी मीटरमध्ये नाणं टाकलं, बहुतेक तिची वेळ संपू नये म्हणून. मिठाईवाले गुजराती काका स्टूल घेऊन बाहेर आले. "माँजी, नीचे क्यों बैठी हो, ऊपर बैठो ना." मी त्यांना समजावलं, स्टुलावर बसली तर मागच मोडेल. मग ते स्वतःच स्टुलावर बसले आणि बघत राहिले. म्हणाले, त्यांची आजी सौराष्ट्रात अशीच जमिनीवर बसून पट्टे विणायची.

त्या संध्याकाळी शॉमबर्गला मक्याच्या भाकरी झाल्या. मका मंगलाताईंच्या डोशाच्या ग्राइंडरमधून काढला. तोमासा दोन तळव्यांमध्ये गोळा थापटत होती. मी म्हटलं, आम्ही पण थापतो, पण परातीत. मंगलाताईंनी ज्वारीची एक थापून दाखवली आणि मग स्पर्धाच लागली. वसंतराव दोन्ही बाजूंच्या खात होते आणि निकाल देत नव्हते.

शेवटची भाकरी तव्यावर असताना तोमासानं हात पुसले आणि लिंडाला सांगितलं, विपील गाठोड्यात बांधून ठेवते, उद्या लवकर निघायचंय. लिंडानं मंगलाताईंना विचारलं.

मंगलाताईंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "अगंबाई! मी तो केतकीला दिला की. डोहाळजेवणात."

 तव्यावरची भाकरी करपली. मंगलाताई पदरानं डोळे पुसायला लागल्या. "मला वाटलं, मी ब्लाउजपीस दिला म्हणून त्यांनी उलट आहेर केला. एवढा भारी माझ्या अंगावर कुठं शोभणार, म्हणून म्हटलं, पोरीला देऊ. मेलं माझं डोकं!"

सुजाताकडून समजून घेऊन लिंडा तोमासाला समजावू लागली, की यांच्याकडे भेट मिळालेलं कापड ठेवून घेत नाहीत, पुढच्या घरी देतात, ती चोरी नाही, रीत आहे. तोमासा ऐकत होती. तिचा चेहरा एवढासा झाला होता. ती एकच वाक्य बोलली आणि लिंडानं ते आम्हाला सांगितलं. "ती म्हणते, एलेना घरी वाट बघतेय." मला फार वाईट वाटलं. दोघींचंही. एकीनं मानानं दिलं, दुसरीनं मानानं घेतलं, आणि मध्ये मुलीचं नशीब टांगलेलं. केतकीला फोन लावला तर तो लागेना. फोन न लागण्याचं दुःख माझ्याएवढं कुणाला कळणार?

नेपरव्हिल

सकाळी मंगलाताईही गाडीत बसल्या. मागे दाटीवाटीनं बसलो. लिंडानं वाटेत आणखी एक गोष्ट सांगितली. डॅनियलनं ई-मेलमध्ये लिहिलं होतं की अंगात घालायला असं कुणी घेणार नाही. विपील कापून कुशनचे अभ्रे होतील का, आणि रंग जरा कॉफीसारखा शांत करता येईल का? तोमासा त्याला हो म्हणणार होती. विणलेल्या विपीलला कात्री लावणं त्यांच्याकडे बरं मानत नाहीत. पण मुलगी की कापड, असं विचारल्यावर आई काय सांगणार!

केतकी औरंगाबादची. दोघं नवरा-बायको इंजिनिअर, आठवा महिना चाललेला. तिनं दार उघडलं आणि आम्ही पाचही जणी दारातच उभ्या राहिलो. विपील तिच्या अंगावर होता. तोही उलटा.

"काकू! सगळ्याच आलात? फोन चार्ज नव्हता केला, सॉरी." मग सुजाताकडे वळून म्हणाली, "यार, हे काय भारी गिफ्ट आहे! मला दोन महिने काही फिट होत नाहीये. काल घातलं ते काढलंच नाही. एक साइड थोडी टोचते, म्हणून ती बाहेर ठेवलीय."

मंगलाताईंनी रडतरडत सगळं सांगितलं. केतकीचा चेहरा उतरला. "आय ॲम सो सॉरी. थांबा, लगेच चेंज करून देते."

पण तोमासा पुढे झाली होती. तिनं केतकीभोवती एक फेरी मारली. खांद्यावरची शिवण सरळ केली, पोटावरून तळवा फिरवला, बगलेत बोटं घालून सैल किती आहे ते बघितलं. आणि मग ती हसायला लागली. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा. लिंडाही हसू लागली. "ती म्हणते, आमच्याकडेही बायका रोज कामाला उलटाच घालतात, उन्हानं रंग उडू नये म्हणून. हिला कुणी शिकवलं? आणि म्हणते, पोट वाढलं तरी हाच पुरतो, बाळ अंगावर पिताना हाच पुरतो. विपील असतोच त्यासाठी."

केतकी बेडरूमकडे वळली तसा तोमासानं तिचा हात धरला. "तिला सांग, काढू नकोस. फक्त सुलटा कर, आणि चल आमच्याबरोबर."

"आत्ता? शिकागोला?" केतकीनं घड्याळ बघितलं. "दुपारी एक कॉल आहे. तो कॅन्सल करते. चला!"

मंगलाताई म्हणाल्या, "अगं, आठवा महिना. गाडीत धक्के बसतील." केतकी म्हणाली, "काकू, अमेरिकेतले रस्ते आहेत, आपल्या औरंगाबादचे नाहीत."  लिंडानं पुढची सीट तिला दिली आणि मागे आम्ही चौघी पापडाच्या थप्पीसारख्या बसलो.

शिकागो, डॅनियलचं दुकान

डॅनियल भला माणूस होता. दाढी पांढरी, आवाज हळू. त्याच्या दुकानात देशोदेशीच्या टोपल्या, घंटा, शाली. त्यानं लिंडाकडे अभ्र्यांचा विषय काढला आणि एका कुशनवर हात ठेवून म्हणाला, एका विपीलमधून दोन सहज निघतील. तोमासा खाली बघत होती. लिंडानं वाक्य स्पॅनिशमध्ये नेलं. तोमासानं श्वास घेतला. ती आता हो म्हणणार, हे मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात केतकी आत आली. ती बाहेर सुजाताच्या फोनवरून दुपारचा कॉल रद्द करत होती. विपील आता सुलटा होता. उन्हातून आत येताना ते लाल, पिवळं, जांभळं असं काही दिसलं की डॅनियल बोलता बोलता थांबला. पक्षी तिच्या पोटावर पसरून बसले होते. गल्ल्याशी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकबाईनं तिला विचारलं, हे कुठं मिळालं?

"डोहाळजेवणात," केतकी म्हणाली, आणि मग इंग्रजीत समजावून सांगितलं. डॅनियलनं कुशनची कल्पना तिलाही ऐकवली. केतकीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. "कापणार? मग मी डिलिव्हरीनंतर काय घालू, कुशन?"

डॅनियल मोठ्यानं हसला. त्यानं तिला एकदा वळून दाखवायला सांगितलं. त्या गिऱ्हाइकबाईनं कड उलटून आतली बाजू बघितली, ते मला फार आवडलं. मग डॅनियलनं तोमासाला विचारलं, हे धुवायचं कसं? मी सुजाताला कोपर मारलं. गिऱ्हाईक धुण्याबद्दल विचारायला लागलं की सौदा झाला समजावं.

तोमासाला तेवढ्यानं धीर आला. तिनं दुकानातल्या लोखंडी खांबाला माग बांधला, थोडं विणलं आणि कापडाच्या कडा दाखवल्या. या मागावर कापड लागेल त्याच मापाचं विणून निघतं, चारही कडा बंद. ती म्हणाली, कुशनं हवी असतील तर कुशनाच्या मापाचं विणून देऊ, कॉफीच्या रंगाचंही देऊ. पण विपील घालायला द्या. विणलेलं कापू नका. डॅनियलनं थोडा विचार केला. मग म्हणाला, दोन्ही पाठवा, दर महिन्याला, आणि नावाच्या चिठ्ठ्या काढू नका, गिऱ्हाइकांना त्या वाचायला आवडतात. लिंडा एवढी मोठी बाई, पण दुखऱ्या गुडघ्यावर उडी मारायला निघाली होती.

नमुना दुकानात ठेवणं भाग होतं. केतकी आतल्या खोलीत जाऊन सुजाताच्या बॅगेतला कुर्ता घालून आली, तो जेमतेम पोटापर्यंत येत होता. विपील परत देताना तिनं तो गालाला लावला. तोमासानं आपल्या वितीनं केतकीचे खांदे मोजले. मंगलाताई सबंध वेळ पदराशी चाळा करत उभ्या होत्या. निघताना तोमासानं त्यांचा हात धरला आणि दारापर्यंत सोडलाच नाही.

परत

मिनिआपोलिसच्या विमानतळावर तोमासाला पोचवायला गेलो. माग काखेत धरून ती उभी होती. पिशवीतून एक कागदी पुडकं काढून तिनं माझ्या हातात दिलं. लिंडा म्हणाली, "ती म्हणते, तुमच्याकडे कापड घरोघर फिरतं ना? मग मंगलानं दिलेलं हे मी तुझ्याकडे फिरवते."

मी कागद सोडला. मोरपिशी ब्लाउजपीस. कडेला सीताबर्डीच्या दुकानाचा जांभळा शिक्का. मी नागपूरहून आणलेला, मंगलाताईंना दिलेला, मंगलाताईंनी त्याच रात्री तोमासाला दिलेला! मी हसता हसता तिथल्या खुर्चीत बसले. लिंडानं सांगितल्यावर तोमासाही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग सवयीप्रमाणे तिनं तो ब्लाउजपीस उलटून बघितला. दोन्ही बाजू सारख्याच, टेरिकॉटच्या. तिनं विचारलं, "हे कुणी विणलं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "गिरणीतलं आहे."

तिनं अंगठ्यानं कापड चाचपलं. "कुणीतरी विणलं असेलच," ती म्हणाली. मग तिच्या विमानाची वेळ झाली.

मला आजोबा आठवले. त्यांचं कापड शेटजी बाजारात घेऊन जायचा आणि ते कुणी विणलं हे गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. सांगितलं असतं तर काहींनी ते घेतलंही नसतं. आजोबांच्या नावाची चिठ्ठी कुठल्याच कापडाला लागली नाही. विमानतळावरून परतताना मी गाडीत रडले, आणि सुजातानं रेडिओ बंद केला.

मी नागपूरला आले त्यानंतर सुजाताचा फोन आला. शिकागोला पहिला खोका पोचला. त्यात एक विपील जास्तीचा निघाला, केतकीच्या खांद्यांच्या मापाचा. चिठ्ठीवर विणणारीचं नाव होतं, एलेना. नाताळ होऊन गेला होता आणि ती घरीच होती.

दुसऱ्या दिवशी मी तो मोरपिशी ब्लाउजपीस घेऊन आमच्या टेलरकडे गेले. त्यानं कापड हातात घेऊन बघितलं. "बाई, साधाच पीस आहे. देण्याघेण्यातला दिसतो. खरंच शिवायचा?"

"शिवायचा," मी म्हटलं. "आणि अस्तर चांगलं लाव. खूप दिवस घालायचाय मला."